पिवळ्यात पिवळं

"सगळ्या बत्त्या पिवळ्या करा," रंभा खालून म्हणाली. "एकपण पांढरी नको घरात."

मी स्टुलावर उभा होतो. हातात पक्कड आणि ओठांत दोन स्क्रू. तोंडात स्क्रू असताना वायरमनला भांडता येत नाही, हे माझ्या बायकोला सत्तावीस वर्षांत पक्कं कळलं होतं. जे काही महत्त्वाचं असेल ते ती मी स्टुलावर चढलो की सांगायची. रुपलचं लग्न ठरवायचं तेव्हाही मी मधल्या खोलीत पंखा उतरवत होतो.

स्क्रू हातात घेऊन मी म्हणालो, "अगं, अख्ख्या आगर गावाला मी पांढऱ्या लावून दिल्या. आता माझ्याच घरात पिवळ्या बघून लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, वायरमन म्हातारा झाला." ती भिंतीकडे तोंड करून चादर घडी घालत होती. "मला बोचतं ते पांढरं. आणि रुपल येणार बाळंतपणाला. पोराच्या डोळ्यावर हा भगभगाट कशाला?"

रुपल आमची एकुलती एक. नरपडला दिलेली. जावई जतीन बोईसरला कंपनीत जातो, सरळ मुलगा आहे. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात तिचं पोर गेलं होतं आणि या खेपेला तिचं बीपी चढत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, हिला कसलंही टेन्शन देऊ नका. त्यामुळे रुपलच्या नावावर आमच्या घरात काहीही खपायचं. पिवळ्या बत्त्याही खपल्या.

मी नारू. जातीचा मांगेला, बापाची बोट होती, पण मला समुद्र लागतो. होडी बंदरातून सुटायच्या आत माझं पोटातलं सगळं बाहेर. बापाने दोन वर्षं बघितलं आणि मग हात जोडून म्हणाला, बाबा, तू जमिनीवरच काहीतरी कर. तसा मी वायरमन झालो. डहाणूपासून तलासरीपर्यंत, बंगल्यापासून पाड्यापर्यंत, मी उजेड लावत फिरतो.

पूर्वी बरं होतं. बल्ब म्हणजे पिवळा आणि ट्यूब म्हणजे पांढरी. आता प्रत्येक खोक्यावर आकडा असतो. तीन हजार म्हणजे पिवळी, साडेसहा हजार म्हणजे पांढरी. इंग्रजीत त्यांना वॉर्म आणि कूल म्हणतात. ज्याच्या दुकानातून मी माल उचलतो त्या जिग्नेशशेठने त्याचं सरळ भाषांतर करून टाकलंय, गरम लाइट आणि थंडी लाइट. गंजाडच्या एका आजीने थंडी लाइट लावून घेतली आणि आठ दिवसांनी माझ्याकडे तक्रार केली की पंखा तर अजून लावावाच लागतो. त्यातली गंमत अशी, की आकडा चढतो तशी बत्ती थंड दिसते. माणसाच्या तापाच्या बरोब्बर उलटं.

मी गिऱ्हाइकाला आकडे सांगत बसत नाही. दोन बल्ब शेजारी लावतो आणि म्हणतो, हात खाली धरा. पांढऱ्याखाली शिरा, भेगा, डाग सगळं वर येतं. पिवळ्याखाली कोणाचाही हात हळद लागलेल्या नवरीचा. बायका पिवळ्याकडे बोट दाखवतात, पुरुष पांढऱ्याकडे, आणि मी आपला पुरुषांच्या बाजूने. "खरं दिसलं पाहिजे घरात," हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

ते वाक्य मला एकदाच महागात पडलं होतं, आणि तेही रंभामुळे. ती डहाणूच्या बाजारात सुकी मच्छी घेऊन बसायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी हौसेने तिच्या जागेवर चांगली पांढरी बत्ती लावून दिली. संध्याकाळी ती भरलेली टोपली तशीच परत घेऊन आली आणि ती माझ्या पुढ्यात आपटली.

"तुमची अक्कल काय शेण खायला गेली का?" ती म्हणाली. "बोंबील जुना झाला की पिवळा पडतो. पिवळ्या बत्तीत जुना नवा सारखाच दिसतो. पिवळ्यात पिवळं दिसत नाय, एवढं पण कळत नाय वायरमनला?"

दुसऱ्या दिवशी मी मुकाट पिवळा बल्ब लावला. म्हणजे हा धडा मला तिनेच शिकवलेला. त्या दिवशी स्टुलावर उभं राहून घरातल्या पांढऱ्या ट्यूबा उतरवताना तो मला आठवला नाही. आठवायला हवा होता. माझ्या धंद्यात याहून मोठी चूक मी केलेली नाही, आणि या चुकीत ना वायर जळली ना फ्यूज उडाला.

जिग्नेशशेठ पिवळे बल्ब बांधून देताना हसला. "नारूभाई, गाव आखा व्हाइट करून स्वतःच्या घरी गरम? घरवाली बोलते तर लावून टाक ने. सांजेला घर मस्त वाटेल."

घर खरंच मस्त वाटलं. ओट्यापासून मोरीपर्यंत मऊ, तुपाळ उजेड. भिंतीचे पोपडे दिसेनासे झाले. संध्याकाळी कामावरून आलो की रंभा त्या उजेडात बसलेली असायची आणि मला ती पूर्वीपेक्षा देखणी वाटायची. मी तसं बोलूनही दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "चहा घ्या, निवतो."

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. भांडी घासता घासता ती त्याच काथ्याने हात खाजवायची. विचारलं तर म्हणे, नवा साबण बाधला. कढईत बोंबील तळायला घेतले की पदर नाकाला लावून मागच्या दारी जायची. सुकी मच्छी विकून अर्धा जन्म काढलेली बाई, आणि तिला मासळीचा वास सोसेना. बाजारातली जागा तिने शेजारच्या मालूला बसायला दिली. "रुपलची तयारी करायची आहे," म्हणाली. तयारी म्हणजे काय, तर मधल्या खोलीच्या एकुलत्या एक खिडकीत तिने गोधडी ठोकून टाकली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. बाळंतीण यायला अजून महिना होता.

"मुहूर्त काढलास का गोधडीचा?" मी चिडवलं.

"तुमी तुमचं बघा," ती म्हणाली.

मी माझंच बघत होतो. थंडीचे दिवस. सकाळी सातला मी बाहेर पडायचो तेव्हा ती चुलीपाशी धुरात असायची आणि परत यायचो तेव्हा सूर्य समुद्रात गेलेला असायचा. रविवारीसुद्धा कोणाचं ना कोणाचं फिटिंग असायचं. तिला मी बघत होतो ते फक्त मीच लावलेल्या उजेडात.

एकदा तिच्या ब्लाउजच्या गळ्यातून एक दोरा बाहेर आलेला दिसला. त्यात काड्यांचे बोटभर तुकडे ओवलेले. "हे काय?" मी विचारलं. "नवस बोललेय रुपलसाठी," ती म्हणाली आणि दोरा आत सारला. बायकोच्या नवसाची चौकशी करू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मी केली नाही.

संक्रांतीच्या आधी मला तलासरीच्या आतल्या एका पाड्यावर काम लागलं. नवीन घर, तीन खोल्या. घरमालकाच्या ओट्यावर एक म्हातारी येऊन बसली होती. तिचं नाव शुक्री. ती कावीळ उतरवते, लांबून लांबून माणसं येतात, असं मालकाने कौतुकाने सांगितलं. वेलीच्या काड्यांची माळ करून ती डोक्यावर ठेवते. दिवस जातात तशी माळ सैल होत वाढते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून कमरेला, आणि पायातून खाली पडली की कावीळ गेली. मी स्टुलावर चढता चढता ऐकत होतो. माझे हात जागच्या जागी थांबले.

शुक्री माझ्याकडेच बघत होती. "तू आगरचा नाय का? वायरमन?"

"हो."

"तुझी बायको परत नाय आली ती. मी बोलली होती, आठ दिसानं ये."

मी खाली उतरलो. "कशाला आली होती?"

म्हातारीला कळलं असावं की मला काहीच ठाऊक नाही. "दोनदा आली," ती म्हणाली. "पहिली माळ गळ्यातच अडकली. दुसरी बनवून दिली, ती पण गळ्याच्या खाली उतरंना. माझी कावीळ माझ्या माळेला ऐकते बाबा. ही माझी कावीळ नाय. मी तिला बोलली, बाई, तू मोठ्या दवाखान्यात जा. तिनं मान हलवली नि गेली."

"कधी?"

"ते नाय ध्यानात. पर डोळे तिचे लय पिवळे व्हते. तुला नाय दिसले?"

मी हत्यारं पिशवीत कोंबली, मालकाला उद्या येतो म्हणालो आणि गाडीला किक मारली. हायवेवरून ट्रक अंगावर येत होते आणि मला एकसारखं तेच ऐकू येत होतं. एकपण पांढरी नको घरात.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले असतील. ऊन अजून वाळूवर होतं. रंभा मागच्या दारी बांबूच्या वलांडीवरचे सुकलेले बोंबील काढत होती. माझी पाठीमागून चाहूल लागताच तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"रंभे, इकडे बघ."

ती वळली नाही. "आज लवकर आलात?"

"तलासरीला शुक्री भेटली."

तिचे हात थांबले. मग तिने पदर मागे सारला आणि वळली. समुद्रावरचं ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा झालेला. कपाळ, गळा, हाताचे पंजे, सगळीकडे तोच रंग, आणि खाली नुसती हाडं. महिनाभर मी या बाईला देखणी म्हणत होतो.

"कधीपासून?"

"दिवाळी झाली नि."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. पोटाचा फोटो काढला. बोलला, वलसाडला नायतर मुंबईला जा, पित्ताच्या तिथं काहीतरी गाठ वाटते." ती हे बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. "आई माझी अशीच पिवळी झालेली. वलसाडला आपल्या पायांनी गेली आणि टेम्पोतून आली. मला ठाऊक आहे काय असतं ते."

"उद्या सकाळी निघायचं," मी म्हणालो.

"नाय."

"रंभे, मी विचारत नाहीये."

"मी पण नाय विचारत." ती जवळ आली. तिच्या हातात बोंबलांची जुडी होती. "रुपलचं बीपी काय आहे ठाऊक आहे ना? मला नेलं की तिला कळणार. कळलं की ती रडणार, आणि मागच्यासारखं झालं तर? तेव्हा तिला मीच धरून बसले होते, तुमी बाहेर होता. मला परत नाय बघायचं ते." मग तिचा आवाज जरा खाली आला. "बारशापर्यंत थांबा. पोराचं नाव कानात पडलं की मी तुमच्या मागून मुकाट येते. वलसाड तर वलसाड."

मी हो म्हणालो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं मलाही फसवलं तिने. पहिला महिना फसवलं, ते खरं. पण त्या संध्याकाळनंतर घरातल्या पिवळ्या बत्त्या आम्ही दोघांनी मिळून जाळल्या. मोरीतला बल्ब गेला तेव्हा मीच दुकानात जाऊन पिवळा मागून आणला. जिग्नेशशेठने चुकून पांढरा काढला तर मी घाईने म्हणालो, "तो नको, तो नको." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी रुपल आली. दारात पाऊल ठेवताच म्हणाली, "अय्या, हॉटेलसारखं वाटतंय घर! आई, तू पण किती गोड दिसतेस या लाइटमध्ये." मग मिठी मारली आणि जरा थबकली. "बारीक किती झालीस गं?"

"तुझ्या काळजीनं," रंभा म्हणाली. "जा, आत जाऊन पड."

रुपल घरात होती तोवर रंभाचा दिवस कसा जायचा ते मी बघत होतो. पोरगी उठायच्या आत बाहेरची कामं. मग स्वयंपाकघराची खिडकी बंद करून भर दुपारीही बल्ब लावलेला. हातावर लांब बाह्या, डोक्यावरून पदर. रुपलने मागच्या दारी हाक मारली तर ही आतून ओ द्यायची. एखाद्या चोराने आपल्याच घरात राहावं तशी ती राहत होती. रोज संध्याकाळी मी बटणं दाबायचो आणि मनात मोजायचो, अजून किती दिवस.

जानेवारीच्या शेवटी रुपल बाळंत झाली. मुलगा. सरकारी दवाखान्यात, काही त्रास न होता. बरोबर जतीनची आई आणि मालू गेल्या. ज्या नातवासाठी रंभाने जीव गहाण टाकला होता त्याला बघायला ती स्वतः गेली नाही. "घरची तयारी कोण करणार?" असं तिने सगळ्यांना सांगितलं. दवाखान्यात ओळीने पांढऱ्या ट्यूबा आहेत, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी पोर घरी आलं. रंभाने त्याला हातात घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. तिच्या हाताची खाज तेवढ्यापुरती थांबली होती बहुतेक.

"नर्सबाई म्हणाल्यात, रोज उजेडात बघा त्याला," रुपल म्हणाली. "पिवळं वाटलं तर लगेच आणा. लहान बाळांना होतं म्हणे."

रंभा आणि मी, दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं. मग रंभा म्हणाली, "बघू हं. रोज बघू."

पण बघायचं कुठे? तीन-चार दिवसांचं पोर, हवेत गारठा, खिडकीत गोधडी. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. मालू रोज सकाळी येऊन त्याला न्हाऊ घालायची, तेल, बेसन आणि चिमूटभर हळद. पोर पिवळसर दिसलं तर ती हळद, असंच सगळ्यांनी धरलं. आणि पोर असं गुणी की विचारू नका. रडणं नाही, किरकिर नाही, नुसतं झोपायचं. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, किती शांत गं बाई, आजीवर गेलाय.

पाचव्या दिवशी संध्याकाळी गावातली आशाताई संगीता वजन करायला आली. तिने पोराला बल्बखाली धरलं, डोळ्याची पापणी वर करून बघितली, आणि जरा कपाळाला आठ्या घातल्या.

"पिवळट वाटतोय का थोडा?"

"हळद लावतो ना आपण," मालू म्हणाली.

"तसंही असेल. या लाइटमध्ये कळतच नाय काय." संगीताने वर बल्बकडे बघितलं. "नारूकाका, सगळ्या गावात पांढऱ्या लावल्या आणि स्वतःच्या घरात हे काय लावून ठेवलंय? सकाळी ऊन आलं की ओट्यावर आणा त्याला, मी येते परत."

रंभा भिंतीच्या कडेला पदर पुढे ओढून उभी होती. संगीता आणि मालू बाहेर पडल्या. दिवेलागणीची वेळ होती, समुद्रावरून येणारा वारा दारावर थापा मारत होता.

रुपलने पोराला पाजायला घेतलं. ते तोंड उघडेना. तिने तळव्याला टिचक्या मारल्या, गालाला ओलं बोट लावलं. पोराने एकदा तोंड हलवलं आणि परत मान टाकली. "आई, दुपारपासून नीट प्यालाच नाही हा," रुपल म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

रंभा पुढे झाली. तिने पोर मांडीवर घेतलं, झबलं वर केलं आणि अंगठा त्याच्या छातीवर दाबून उचलला. दाबलेल्या जागेकडे बघितलं. परत दाबला, परत बघितलं. मग पोटावर. बाजारात बोंबलाची जुडी हातात आली की ती याच अंगठ्याने पारखायची. माल कितीही सारखा दिसो, तिचा अंगठा फसायचा नाही. पण बत्ती पिवळी होती. ती पुन्हा पुन्हा अंगठा दाबत राहिली आणि तिला काहीच दिसत नव्हतं.

मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत तिच्या तोंडावर मी भीती कधी बघितली नव्हती. गाठ आहे हे सांगतानाही नाही.

"रुपलच्या बापा," ती म्हणाली, "पांढरी लावा."

"आत्ता कशाला?" रुपल म्हणाली. "सकाळी संगीताताई येणारच आहे ना."

"सकाळी नाय. आत्ता."

उतरवलेल्या ट्यूबा मी माळ्यावर ठेवल्या होत्या. एक काढली, पुसली, स्टूल ओढलं. जन्मभर जे काम डोळे झाकून केलं, ते त्या दिवशी होईना. ट्यूबची पिन खोबणीत बसेना. शेवटी बसली. खाली बघितलं तर रंभा पोराला घेऊन बरोबर ट्यूबखाली येऊन बसली होती. तिने डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला. बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. केस मागे सारून अंबाडा घट्ट केला. लग्नाला निघाल्यासारखी ती तयार झाली.

माझ्या तोंडात या वेळी स्क्रू नव्हते. भांडता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो, पोराला शेजारी मालूकडे नेतो, तिच्याकडे मीच लावलेली पांढरी आहे, तिथे बघू. तुझं झाकलेलं झाकलेलंच राहील. हे मला त्या वेळी सुचलं, आणि तिला माझ्याआधी सुचलं असणार. पण रुपलशिवाय पोर हलणार नव्हतं, ओल्या बाळंतिणीला उठवून, पोराला गुंडाळून शेजारी नेण्यात अर्धा तास जाणार होता, आणि रंभाच्या अंगठ्याला तो अर्धा तास मंजूर नव्हता.

"लावू?" मी विचारलं.

"लावा," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. ट्यूब एकदा लुकलुकली आणि पेटली.

पोर पिवळं होतं. तोंड, छाती, बेंबीच्या खालपर्यंत, मांड्यांपर्यंत. हळदीचं नव्हे, आतून आलेलं पिवळं. आणि ज्या हातांत ते होतं ते हात त्याहून पिवळे होते. रंभा ट्यूबखाली उघडी पडली होती. आत गेलेले गाल, हिरवट झालेला गळा, त्यात अडकलेली काड्यांची माळ आणि ते डोळे.

रुपलने आधी पोराकडे बघितलं नाही. ती आईकडेच बघत राहिली. मग ती नुसतंच "आई, आई" म्हणू लागली, लहानपणी ताप चढला की म्हणायची तसं.

"माझ्याकडे काय बघतेस?" रंभा ओरडली. तिचा बाजारातला आवाज मी तीन महिन्यांनी ऐकला. "पोराकडे बघ! मांडीपर्यंत उतरलंय त्याच्या. ऊठ, साडी नीट कर. ओ, तुमी काय खांब झालात का? रिक्षा बोलवा!"

दवाखान्यात त्यांनी पोराला निळ्या उजेडात ठेवलं. काचेच्या पेटीत, डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या लंगोटावर. मी इतकी वर्षं उजेडाचा धंदा करतोय, पण हा उजेड मी कधी विकला नव्हता. जतीन कंपनीतून धावत आला. रुपलला शेजारीच खाट दिली आणि तिचं बीपी मोजलं. चढलं होतं, पण खूप नाही. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आत्ता आणलंत. सकाळपर्यंत थांबला असतात तर मला सांगता आलं नसतं."

मग त्यांची नजर बाकावर बसलेल्या रंभाकडे गेली. ओळीने सगळ्या पांढऱ्या ट्यूबा, आणि ती त्यांच्याखाली पदर खांद्यावर टाकून ताठ बसलेली. येणारे जाणारे वळून बघत होते. तिने कोणापासून तोंड लपवलं नाही.

"आणि मावशी, तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं बारशानंतर," रंभा म्हणाली.

डॉक्टर तिच्यावर चिडले, रुपल रडली, जतीनने हात जोडले. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता चार दिवस इकडे तिकडे झाल्याने फारसा फरक पडायचा नाही. दिवाळीत पडला असता का, ते मी त्यांना विचारलं नाही. अजूनही कोणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

पोर पाच दिवसांत घरी आलं. बारसं ठरल्या दिवशीच झालं. मी आदल्या दिवशी घरातले सगळे पिवळे बल्ब उतरवले आणि पांढऱ्या ट्यूबा चढवल्या. खिडकीतली गोधडी रंभाने स्वतः उपसून काढली. गाव जमलं, बाया तिच्याकडे बघून डोळ्यांना पदर लावायला लागल्या, तर ती म्हणाली, "मेले नाय अजून. पाळणा म्हणा." पोराचं नाव ऋषभ ठेवलं. जतीनने मोबाइलवर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शब्दाप्रमाणे माझ्या मागून मुकाट निघाली. वलसाडला.

होळीच्या आधी चार दिवस गेली.

बारशातला तिचा फोटो मोठा करून आणायचा होता तेव्हा जतीन माझ्यापाशी आला. जरा घुटमळला. "बाबा, आईंचा रंग ठीक करून घेऊ का? एका मिनिटात होतं मोबाइलमध्ये. नेहमीसारख्या दिसतील."

"नको," मी म्हणालो. "जसा आहे तसा राहू दे."

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोवर लहानसा पिवळा बल्ब लावतात. जिग्नेशशेठने तोच बांधून ठेवला होता. मी तो परत केला आणि पांढरा घेऊन आलो. स्टुलावर चढलो, फोटो टांगला, बत्ती लावली. रंभा पाळण्याशेजारी बसली आहे, पदर खांद्यावर, कपाळापासून हाताच्या बोटांपर्यंत पिवळी. आणि तिच्या मांडीवर पाच दिवस निळ्या उजेडात राहून आलेलं पोर आहे, गुलाबी.